तेरा पायऱ्यांचा गृहस्थ

दार उघडलं की पहिला भेटतो तो. पाहुण्याने बूट काढून मान वर केली की हाच समोर उभा. उत्तर-पश्चिम लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरात जिन्याला लपायला जागाच ठेवलेली नाही. १९३० च्या दशकात मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेकडेने जी हजारो जोडघरं उभी राहिली, त्यांतलं हे एक. या घरांचा आराखडा ठरलेला असतो. दारातून आत आलं की अरुंद बोळ, एका अंगाला दोन खोल्या, टोकाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या अंगाला बाहेरच्या भिंतीला पाठ टेकलेला जिना. झोपायच्या खोल्या वर, न्हाणीघर वर, संडासही वर. म्हणजे या गृहस्थाला टाळून दिवस काढायचा म्हटलं तरी निसर्ग काढू देत नाही.

दिसायला साधा. मधोमध करड्या गालिच्याची पट्टी, दोन्ही कडांना तपकिरी लाकूड, पायथ्याशी चौकोनी खांब आणि खांबावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला लाकडी गोळा. पायऱ्या तेरा. त्यांतली चौथी करकरते, बाकीच्या बारा गप्प. मध्ये वळण नाही, टेकायला चौक नाही. निघालं की थेट वर. इंग्लंडचे आजचे बांधकाम-नियम सांगतात की घरातल्या जिन्याची पायरी २२० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि चढ ४२ अंशांच्या वर जाऊ नये. हे नियम व्हायच्या कितीतरी आधी आमचा जिना जन्मला, तरी वागतो त्यांना धरूनच. ४२ अंश हा काही सौम्य चढ नव्हे, हे मात्र नियम करणाऱ्यांनी निरोगी हृदयाने ठरवलेलं असावं.

पोटात त्याने आमचा अर्धा संसार घातला आहे. जिन्याखालच्या कपाटात विजेचं मीटर, हूवर, इस्त्रीचं टेबल ही इंग्रजी मंडळी पुढे. त्यांच्यामागे बासमतीची गोणी, दादरहून आणलेला गोडा मसाला, लोणच्याची बरणी आणि कापडात गुंडाळलेलं गणपतीचं मखर. सोवळंओवळं त्याने कधी पाळलं नाही. डोक्यावरून दिवसभर सगळ्यांचे पाय जातात आणि पोटात मखर सुखाने असतं.

सुरुवातीची कित्येक वर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. कडेवर मूल, दुसऱ्या हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली, खांद्याने कानाशी दाबलेला पुण्याचा फोन, असं सगळं घेऊन मी चढत असे आणि वर पोचेपर्यंत वाक्य तुटत नसे. मुलं कठड्यावरून घसरली, उशांवर बसून पायऱ्या उतरली. वर न्यायच्या वस्तू पहिल्या पायरीवर साठायच्या आणि घरातला प्रत्येक जण त्या ओलांडून हात हलवत वर जायचा. जिन्याने कधी तक्रार केली नाही. चौथ्या पायरीची करकर ही त्याची एकुलती एक टिप्पणी.

मग माझ्या हृदयाचा ताल बिघडला, आणि घरात ही गोष्ट सगळ्यांत आधी जिन्याला कळली.

पायऱ्या त्याच, पाय तेच. पण आठवी यायच्या आत छाती भरून यायची, कानांत ठोके ऐकू यायचे, मांड्या जड व्हायच्या. वर पोचल्यावर पलंगाच्या कडेला टेकायचं, आणि आपण वर कशाला आलो होतो हे आठवेपर्यंत धाप काही ओसरायची नाही. आमच्या मंडळींनी कारणं भराभर शोधली. हे म्हणाले, "अगं, साठी उलटली आता." पुण्याहून नणंदबाईंनी फोनवरच रक्त कमी असल्याचं निदान करून खजूर आणि अळिवाचे लाडू सांगितले. मैत्रिणीने इथल्या अंधाऱ्या हिवाळ्यावर खापर फोडलं. जिना कारणाच्या फंदात पडला नाही. तो रोज फक्त जागा दाखवत राहिला: आठवी पायरी.

जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, मनगटावर बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो याच्याबद्दल. घरात जिना आहे का? एका दमात चढता येतो का? चढताना बोलता येतं का? ईसीजी नंतर निघाला आणि नाव कळलं, एट्रियल फिब्रिलेशन. दवाखान्यात सगळे त्याला एएफ म्हणतात. ब्रिटनमध्ये हे निदान झालेले लोक पंधरा लाखांच्या घरात आहेत. हृदयाच्या तालाच्या विकारांत इतका सर्रास आढळणारा दुसरा नाही.

निरोगी हृदयात उजव्या वरच्या कप्प्यातला पेशींचा एक छोटा पुंजका विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर वेळा इशारा देतो. वरचे कप्पे आधी आकसतात, उरलंसुरलं रक्त खाली ढकलतात आणि मग खालचे कप्पे ते अंगभर पाठवतात. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला तीनशेहून अधिक विस्कळित विद्युतलहरी उठतात. मंडईत दहा विक्रेत्यांनी एका गिऱ्हाइकाला एकदम हाका माराव्यात आणि सौदा एकही होऊ नये, तशी गत होते. कप्पे नुसते थरथरतात आणि ढकलायचं काम राहून जातं. या शेवटच्या ढकलण्याने खालचा कप्पा साधारण पाचवा हिस्सा जास्त भरत असतो, आणि हृदय वयाने ताठर झालं असेल तर त्याहूनही जास्त. त्यातच ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त झाल्यामुळे भरायला कधी वेळ मिळतो, कधी मिळत नाही.

खुर्चीत बसून पेपर वाचताना ही तूट खपून जाते. जिन्यावर तसं चालत नाही. सगळ्या देहाचा भार सव्वादोन-अडीच मीटर उंच उचलायचा असतो. मांड्यांचे मोठे स्नायू एकदम प्राणवायू मागतात, ठोके उसळतात, भरायचा वेळ आणखी आटतो, रक्त फुप्फुसांच्या बाजूला तुंबतं आणि धाप लागते. सपाट रस्त्यावर दुकानापर्यंत जाऊन येणारा माणूस घरातल्या तेरा पायऱ्यांवर का अडतो, याचं उत्तर हे असं आहे.

परीक्षकाचं हे पद जिन्याला मी दिलेलं नाही. त्याचं घराणंच तसं आहे. लँकशायरमधल्या बर्न्ली या गिरण्यांच्या गावात १८७९ पासून जेम्स मॅकेन्झी नावाचा एक जीपी काम करत होता. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल एकाच वेळी कागदावर उमटवणारं शाईचं यंत्र त्याने एका घड्याळजीच्या मदतीने बनवून घेतलं. सांधेतापाने हृदय दुखावलेली एक रुग्ण १८८० पासून त्याच्याकडे येत होती. १८९० च्या दशकाच्या अखेरीस तिची नाडी एकाएकी बेताल झाली, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्याची जी लाट मॅकेन्झी इतकी वर्षं तिच्या मानेच्या आलेखात पाहत आला होता, ती नाहीशी झाली. वरचा कप्पा कामातून गेला एवढं त्याने ओळखलं. तो गेलेला नसून थरथरतोय, हे १९०९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या थॉमस लुइसने ईसीजीच्या साहाय्याने दाखवून दिलं. त्याच वर्षी व्हिएन्नातही हाच शोध लागला.

याच मॅकेन्झीने आयुष्यभर एक गोष्ट लावून धरली. छातीतून कसले कसले आवाज येतात यावरून माणसाला आजारी ठरवू नका. श्रमाला त्याचं हृदय कसं तोंड देतं ते पाहा. पूर्वी जे सहज जमत होतं ते आता करताना धाप लागते का, हा त्याच्या लेखी मुख्य प्रश्न होता. १९२८ मध्ये न्यू यॉर्क हार्ट असोसिएशनने हृदयरोग्यांचे चार वर्ग पाडले, तेही रोजची कामं करताना थकवा आणि धाप किती जाणवते यावरूनच. पुढच्याच वर्षी त्याच शहरातल्या आर्थर मास्टर या डॉक्टरने दोन पायऱ्यांचा लाकडी जिना थेट तपासणीच्या खोलीत आणला. पायरीची उंची नऊ इंच, म्हणजे इंग्लंडच्या आजच्या कमाल मर्यादेपेक्षा नखभर जास्त. रोग्याने ठरावीक वेळात ठरावीक चढउतार करायचे आणि मग नाडी व रक्तदाब मोजायचे. ट्रेडमिल येईपर्यंत ही चाचणी जगभर चालली. आमचा हॅरोचा जिना या घराण्यातला. शिक्षण नसलेला, पण रक्तातच परीक्षा असलेला.

या देशात अशा परीक्षकाची फार गरज आहे. इथे कुणी "हाऊ आर यू" विचारलं की "फाइन" म्हणायचं असतं. खरं उत्तर दिलं तर विचारणारा गोंधळतो. आपली मराठी माणसं वेगळी नाहीत. "बरं आहे, चाललंय" याच्या पुढे आपलीही गाडी जात नाही. शिवाय थकवा दिसत नाही. मोडलेल्या हाताला प्लास्टर असतं, तापाला थर्मामीटर असतो. अंगातलं त्राण गेलेला माणूस फोटोत नेहमीसारखाच येतो. महाराष्ट्र मंडळ लंडन ही १९३२ सालची संस्था, तिच्या डॉलिस हिलच्या वास्तूत गणपतीला पैठणी नेसून गेलं की चार जणी म्हणणारच, "अगंबाई, तू तर आजारी वाटतच नाहीस!" त्या पैठणीची किंमत दुसऱ्या दिवशी पलंगावर पडून चुकवावी लागते, हे कुणाला दिसावं? टोनी ब्लेअर पन्नाशीत, ऑक्टोबर २००३ मध्ये पंतप्रधान असताना, ठोके बेफाम झाल्याने इस्पितळात गेले. वर्षभराने, १ ऑक्टोबर २००४ ला, हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर अब्लेशन झालं. मांडीतल्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेऊन चुकार विजेची वाट जाळून टाकायची, असा तो उपचार. त्यांचा विकार एएफचं सख्खं भावंड होता. मधल्या वर्षभरात टीव्हीवर त्यांना पाहून कुणी काही ओळखलं असतं का?

जिन्यापुढे "फाइन" चालत नाही. पैठणी, पावडर, हसरा चेहरा यांतलं काहीही तो मोजत नाही. त्याला आकडा कळतो. आज आठवी, काल अकरावी, बरा दिवस असेल तर तेरावी.

हा आकडा औषधांच्या बाबतीत फार उपयोगी पडतो. एएफच्या रोग्याचे ठोके आवरायला बहुधा बीटा ब्लॉकर देतात, इथे बहुतेक वेळा बिसोप्रोलोल. या जातीच्या औषधांचा पाया जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आयसीआय कंपनीत घातला आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवलं. ठोके आवरल्याने धाप कमी होते, पण काहींना ही गोळीच गळाठून टाकते. चढ सुरू झाल्यावर हृदयाला जो वेग घ्यायचा असतो तो घेताच येत नाही. दुसरं औषध डिगॉक्सिन, फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या कुळातलं. बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये या झाडाच्या गुणांवर पुस्तक लिहिलं. तेच झाड जूनमध्ये इथल्या बागांतून, कुंपणांच्या कडेने जांभळ्या घंटा लावून उभं असतं, आणि ते विषारी आहे. डिगॉक्सिन बसलेल्या माणसाचे ठोके चांगले आवरतं. जिन्यावर मात्र त्याचा धाक कमी पडतो.

आता प्रश्न असा की आजचा थकवा कुणाचा? रोगाचा की गोळीचा? माणसाला आतून हे ओळखता येत नाही. दोन्हींची चव एकच. पण मात्रा बदलल्यावर आधी आठवीवर थांबणारी बाई पाचवीवर थांबू लागली, किंवा बारावीपर्यंत पोचू लागली, तर डॉक्टरला धरायला दोरी मिळते. "हल्ली जरा गळल्यासारखं होतं" या वाक्यातून त्याला काय मिळणार? मात्र आकडा आपला आणि गोळीचा निर्णय डॉक्टरचा, ही वाटणी मोडू नये. बीटा ब्लॉकर स्वतःच्या मनाने एकदम थांबवला तर ठोके उलटून उसळतात.

परीक्षक असला तरी हा गृहस्थ शिकवतोही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेले धडे त्याने माझ्याकडून गिरवून घेतले. पहिला धडा श्वासाचा. माणूस चढताना नकळत श्वास कोंडून धरतो. त्याऐवजी पाय उचलताना ओठांचा चंबू करून हळू फुंकर सोडायची आणि पाय टेकला की श्वास आत घ्यायचा. दुसरा धडा थांबण्याचा. थांबावं लागायच्या आधी थांबायचं. धाप लागल्यावर थांबलं तर सावरायला बराच वेळ जातो. पाचवीवर, अजून बोलता येत असताना क्षणभर उभं राहिलं तर तेरावी गाठूनही शब्द शिल्लक राहतात. नात विचारते, "आजी, तू मधेच का थांबतेस?" तिला सांगते, "पुढच्या पायऱ्यांसाठी." तिला एवढं पुरतं.

तिसरा धडा हिशेबाचा. बरा दिवस उगवला की वाटतं, आज सगळं उरकून टाकू: चादरी बदलू, माळ्यावरचे खोके काढू, चार जणांना जेवायला बोलावू. असा दिवस पुढचे दोन-तीन दिवस खाऊन टाकतो. इथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट याला पेसिंग म्हणतात. बऱ्या दिवशी हात आखडता घ्यायचा आणि वाईट दिवशीही थोडं काही करायचं. त्यामुळे आमच्या घरात आता वर-खाली दोन चष्मे आहेत, दोन चार्जर आहेत, वर पाण्याची बाटली आणि थर्मास आहे. अंघोळ आणि कपडे बदलणं एकाच फेरीत, आणि अंघोळीनंतर लगेच खाली उतरायचं नाही. गोळ्यांचा डबा मात्र एकच ठेवलाय आणि तो खालीच असतो. दोन डबे झाले की एकच गोळी दोनदा पोटात जाते, किंवा दुसरीकडे घेतली असेल असं समजून राहून जाते.

पहिल्या पायरीवर वस्तू साठवायची जुनी रीतही बंद झाली. एएफमध्ये वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हा धोका इतरांपेक्षा सुमारे पाच पट. म्हणून वयाचा आणि बाकीच्या आजारांचा विचार करून पुष्कळांना एपिक्साबॅनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. ते घेणारा माणूस जिन्यावरून पडला, डोकं आपटलं, तर साधं टेंगूळ समजून सोडता येत नाही. तेव्हा आता पायऱ्यांवर पुस्तक नाही, खेळणं नाही, मोजे नाहीत. जिन्यालाही इतकी स्वच्छता जन्मात पहिल्यांदाच लाभली असेल.

हे प्रकरण त्याला घराबाहेर काढण्यापर्यंतही गेलं होतं. म्हणजे आम्हीच बाहेर पडायचं. ह्यांनी इस्टेट एजंटांच्या खिडक्यांतून बंगले पाहायला सुरुवात केली. इकडे बंगला म्हणजे बिनजिन्याचं, सगळं एकाच मजल्यावर असलेलं घर. कौन्सिलची ऑक्युपेशनल थेरपिस्ट येऊन गेली. तिने भिंतीच्या बाजूला दुसरा कठडा सुचवला. गरज ठरली तर हजार पौंडांपर्यंतचे असे छोटे बदल इंग्लंडमध्ये कौन्सिल फुकट करून देते. मोठ्या बदलांसाठी उत्पन्न पाहून तीस हजार पौंडांपर्यंतचं अनुदान असतं. त्यात भिंतीला धरून वर सरकणारी खुर्ची, म्हणजे स्टेअरलिफ्टही बसते. ह्यांचा कौल खुर्चीला. माझा कठड्याला.

खुर्चीत कमीपणा आहे असं मला अजिबात वाटत नाही. ज्यांना पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच अंधारी येते, त्यांनी ती आजच बसवावी. पण जोवर फुंकर टाकत, थांबत चढता येतं तोवर चढण्यात फायदा आहे. थॉमस लुइसकडे पहिल्या महायुद्धात धाप आणि थकव्याने हैराण झालेले सैनिक पाठवले जात, आधी हॅम्पस्टेडला, मग कोलचेस्टरला. त्यांतल्या बहुतेकांच्या हृदयात दोष सापडत नव्हता, तरी त्यांना महिनोन्‌महिने पलंगावर ठेवायची पद्धत होती. लुइसने त्यांना पायरीपायरीने वाढत जाणारी कवायत दिली. एएफचा रोगी आणि तो सैनिक एक नव्हेत, पण नुसतं पडून राहिल्याने अंगातलं बळ आणखी झिजतं ही गोष्ट दोघांनाही लागू. आज एएफच्या लोकांनाही बेताचा, नियमित व्यायाम सांगतात तो म्हणूनच. आमच्या घरी तूर्त दुसरा कठडा बसलाय, आणि एजंटांची पत्रकं जिन्याच्या पोटात, मखराच्या शेजारी पडून आहेत.

त्याच्या भाऊबंदांशी मात्र मी आता संबंध ठेवत नाही. कोव्हेंट गार्डन स्टेशनच्या १९३ पायऱ्यांपाशी तर प्रवाशांना धोक्याची सूचनाच आहे. हॅम्पस्टेडला तीनशेच्या वर आहेत. तिथे लिफ्टची रांग कितीही मोठी असो, आपण रांगेतच बरे. घरून निघण्याआधी कुठल्या स्टेशनात रस्त्यापासून गाडीपर्यंत पायरी नाही ते नकाशावर पाहून ठेवायचं. किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले आणि जे महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, तिथे पाहुण्यांना घेऊन गेलं की तळमजला आधी सावकाश पाहायचा, जिन्याचा विचार नंतर. आणि पुण्याला गेल्यावर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून "अजून चढते बघा" असं कुणाला दाखवायचं नाही. पर्वतीला खालूनही हात जोडता येतात.

या गृहस्थाची इतकी स्तुती केली, तर त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. धाप लागते एवढं तो सांगतो. का लागते ते सांगत नाही. रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं, फुप्फुसं अशक्त झाली, हृदयाचा पंपच थकला, तरी तो आठवीच पायरी दाखवणार. त्यामुळे नणंदबाईंचं निदानही तपासून पाहावंच लागतं, आणि आमच्या जीपीने तपासलंही. दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. एएफ असलेल्या कित्येकांना धाप लागतच नाही. ते जिना धडाधड चढतात, खुशाल असतात, आणि त्यांचा विकार पहिल्यांदा उघड होतो तो पक्षाघाताने. अशांच्या बाबतीत तो आंधळा. त्यांना मनगटच साथ देतं. दोन बोटं अंगठ्याच्या बाजूला नाडीवर ठेवायची आणि अर्धा मिनिट नुसतं मोजायचं. ठोके एका लयीत पडत नसतील, तर ईसीजी काढून घ्यायचा. पासष्टीनंतर ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी.

तिसरी गोष्ट, काही प्रसंगी त्याचं मत विचारत बसू नये. बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, शब्द अडखळले, तर पायऱ्या मोजायच्या नाहीत. रुग्णवाहिकेसाठी ९९९ फिरवायचा.

एरवी मात्र माझा विश्वास त्याच्यावरच. घरातली माणसं प्रेमापोटी कमी सांगतात किंवा जास्त घाबरतात, आरसा फसवतो आणि मन तर दोन्हीकडून बोलतं. इतक्या वर्षांत या घरात मला न चुकवता, न चुचकारता खरं सांगणारा एकटा तो निघाला. ज्यांच्या घरी जिना नाही त्यांनी गल्लीतला चढ धरावा, बसस्टॉपपर्यंतचं अंतर धरावं, इमारतीचा पहिला मजला धरावा. रोजचं, न बदलणारं असं काहीतरी माप हवं. आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर "तशी बरी आहे" हे वाक्य गिळून टाकावं. गेल्या महिन्यात कितव्या पायरीवर थांबत होता आणि आता कितव्या पायरीवर थांबता, एवढंच सांगा.